तपासलेली वही



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण परंड्यात दर वर्षी जमतो, त्यांच्या नावानं बोलायचं तर विषय शाळेतलाच असावा, असं मला वाटलं. म्हणून शिक्षक ज्या कामाबद्दल सर्वांत कमी बोलतात, ते काम आज मी तुमच्यापुढं ठेवणार आहे. ते काम म्हणजे गुण देणं. गुण कोणी द्यायचे, ते देण्याचा अधिकार कुठून येतो आणि ज्याला ते पटत नाहीत त्यानं दाद कुठं मागायची, एवढंच आज बोलायचं आहे.

सुरुवात आपल्याच मातीतून करतो. सीनेच्या काठावरचं डोमगाव आपल्या तालुक्यातलं. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याण स्वामी यांचा मठ तिथं आहे. समर्थांनी सांगावं आणि कल्याणांनी लिहून घ्यावं, असा दासबोध सिद्ध झाला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या लेखनाची एक हस्तलिखित प्रत डोमगावच्या मठानं जपली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९०५ साली दासबोध छापला, तो याच प्रतीच्या आधारानं. अक्षर शिष्याचं आणि दुरुस्त्या गुरूच्या हातच्या, असं परंपरा सांगते. आपल्या तालुक्यातली सर्वांत जुनी तपासलेली वही डोमगावची, असं मी वर्गात मुलांना सांगत असे.

कल्याणांची दुसरी गोष्टही घरोघरी सांगतात. समर्थांच्या पायाला गळू झालं आणि ते तोंडानं चोखून काढायला कोण तयार आहे, असं त्यांनी शिष्यांना विचारलं. बाकीचे मागं सरले, कल्याण पुढं झाले. फडक्याखाली निघाला पिकलेला आंबा. तीही परीक्षाच होती. पण तिचा निकष फक्त गुरूला ठाऊक होता, आणि निकालावर शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण शिष्यानं तो गुरू स्वतः निवडला होता, आपलं सगळं त्याच्या पायाशी ठेवलं होतं.

आपल्या वर्गातल्या मुलानं आपल्याला निवडलेलं नसतं. तुकडी ‘ब’ची हजेरी हाती येते आणि त्यातली साठ नावं आपल्या ताब्यात येतात. त्यांनी आपल्यापुढं सर्वस्व ठेवलेलं नाही. समाजानं ती आपल्याकडं सोपवली आहेत, आणि सोपवताना अटी घातल्या आहेत. म्हणून आंब्याच्या गोष्टीतला अधिकार आपल्याकडं नाही. वहीच्या गोष्टीतला आहे. तिथं गुरूनं कुठं खोडलं आणि काय बदललं, ते शिष्याला कागदावर दिसतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका चुकीतून कळलं. ती माझी होती, म्हणून ती आधी सांगतो.

नोकरीची पहिली काही वर्षं होती. नववीची वार्षिक परीक्षा झाली. मी मराठीचे पेपर तपासले, गुणपत्रक भरलं, निकाल लागला. दुसऱ्या दिवशी शिक्षक खोलीच्या दाराशी एक बाई उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी, मागं मुलगी. मुलीला मराठीत एकोणतीस गुण होते, म्हणजे ती नापास. बाई म्हणाल्या, “सर, लेकराचं काय चुकलं तेवढं सांगा. दुसरं काय नको.” मला राग आला. पेपर मी तपासला होता, बेरीज मी केली होती, आणि खोलीत चार सहकारी बसले होते. “माझ्यावर शंका घेता का?” असं मी विचारलं. बाई गप्प झाल्या. मुलगी खाली बघत हळूच म्हणाली, “सर, मी पुरवणी घेतली होती.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी कपाटातून गठ्ठा काढला. तिच्या उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर पुरवण्यांच्या चौकटीत एक आकडा लिहिलेला होता. आत मात्र पुरवणी नव्हती. मी एकेक पेपर उलटत गेलो. बाविसाव्या पेपराला दोन पुरवण्या एकाच दोऱ्यात बांधलेल्या दिसल्या. वरची त्या मुलाची होती, खालची हिची. तिच्यात निबंधाचा उरलेला भाग होता, आणि मी तो वाचलाच नव्हता. दुष्काळात गाव सोडून कारखान्याच्या तळावर राहिलेल्या घराबद्दल तिनं लिहिलं होतं. त्या निबंधाचे सहा गुण वाढले. बेरीज पस्तीस झाली.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं आणि निकाल दुरुस्त झाला. पण त्या आईला मी दारातच उभं ठेवलं होतं, बसायलाही सांगितलं नव्हतं. आणि मुलगी बोलली नसती तर तिचं वर्ष गेलं असतं. त्या घरात वर्ष गेलं म्हणजे शाळाच गेली. लग्नाचं बघायला सुरुवात झाली असती.

मित्रहो, मी तेव्हा वाईट शिक्षक नव्हतो. मेहनत करत होतो, वेळेवर तासाला जात होतो. माझी खरी चूक दोऱ्याची नव्हती. दोरा कोणाच्याही हातून चुकतो. एका साध्या प्रश्नाला मी अपमान समजलो, ती माझी चूक. गुण देण्याचा अधिकार आणि त्याचं कारण सांगण्याचं काम ही एकाच हाताची कामं आहेत, हे मला तोवर उमगलं नव्हतं.

गुण देणं हे मोजमाप आहे, पण ते वजनकाट्याचं मोजमाप नाही. अमेरिकेत १९१२ साली स्टार्च आणि एलियट या दोन संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतल्या शिक्षकांकडं तपासायला पाठवली. १४२ शिक्षकांनी ती तपासून परत केली. त्याच पानांना कुणी १०० पैकी ६४ गुण दिले, कुणी ९८. भाषेचा विषय म्हणून असं झालं, असं लोक म्हणाले. मग त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथं तफावत आणखी मोठी निघाली. ते सगळे शिक्षक प्रामाणिकच होते. एकजण रीत बघत होता, दुसरा उत्तर, तिसरा टापटीप. म्हणून ‘मी दिलेले गुण बरोबरच’ हे वाक्य कोणत्याही शिक्षकाला इतक्या ठामपणे म्हणता येत नाही. ‘मी हे गुण या कारणानं दिले’ हे मात्र प्रत्येकाला म्हणता आलं पाहिजे.

मग न्यायालयानं काय म्हटलं, ते पाहू. विद्यार्थ्याला आपली उत्तरपत्रिका पाहता यावी का, हा वाद आपल्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राज्य मंडळाच्या १९७७ च्या विनियमांत १०४ क्रमांकाचा नियम होता. त्यानुसार बेरीज बरोबर आहे का आणि सगळी उत्तरं तपासली आहेत का, एवढी पडताळणी करून मागता येत होती. उत्तरपत्रिका बघायला किंवा पुन्हा तपासून मागायला मनाई होती. विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९८० मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल लागला. मंडळानं अपील केलं. परितोष शेठ खटला म्हणून तो ओळखला जातो. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मंडळाचा नियम योग्य ठरवला. लाखो उत्तरपत्रिका उघडून बसलं तर निकालाला शेवटच राहणार नाही, आणि शिक्षणाच्या कामात त्या कामातल्या अनुभवी माणसांचं मत न्यायालयानं सहजी बाजूला सारू नये, असा त्या निकालाचा रोख होता.

त्यातली दुसरी गोष्ट मला आजही मान्य आहे. न्यायाधीशांनी निबंध तपासू नये. पण पहिल्या गोष्टीनं आपल्याला एक सवय लावली. दार बंद ठेवलं की निकाल पक्का राहतो, असं आपण धरून चाललो. पुढं २००५ साली माहितीचा अधिकार आला. २००८ ची दहावीची परीक्षा दिलेल्या एका विद्यार्थ्यानं केंद्रीय मंडळाकडं आपली उत्तरपत्रिका मागितली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी न्यायालयानं सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि विद्यार्थ्याला ती पाहता येईल. परीक्षकाचं नाव मात्र झाकून ठेवायचं. सत्तावीस वर्षांपूर्वी जे दार बंद ठेवणं योग्य ठरलं होतं, ते असं उघडलं. आणि निकाल कोसळले नाहीत. आज आपल्या राज्य मंडळात गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या तिन्ही सोयी आहेत.

सोय आहे, पण ती परंड्याच्या मुलापर्यंत किती पोचते? छायाप्रतीला विषयामागे ४०० आणि पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये, असे दर अलीकडच्या वर्षांत राहिले आहेत. एका विषयासाठी रोजंदारीवरच्या घराची दोन दिवसांची मजुरी जाते. आधी छायाप्रत घ्यायची, मग पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही, तो पोरगा ‘जाऊ दे’ म्हणतो आणि आयटीआयचा फॉर्म भरतो. म्हणून दाद मागण्याची पहिली जागा लातूरचं विभागीय मंडळ असून भागणार नाही. ती आपल्या शाळेतल्या शिक्षकाच्या टेबलावर असली पाहिजे.

आता या अधिकाराची दुसरी बाजू. शिक्षकाच्या लेखणीवर वरूनही हात पडतो. शिवाजीराव पाटील निलंगेकर हे निलंग्याचे. त्यांचं निलंगा १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, मग लातूर जिल्हा वेगळा झाला. ते मुख्यमंत्री असताना मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत त्यांच्या मुलीच्या गुणांत फेरफार झाल्याचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर मार्च १९८६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. कोणाला दोष द्यायला मी हे आठवत नाही. एका गुणपत्रिकेवरून राज्याचं सरकार हललं, एवढं त्या कागदाचं वजन असतं, हे तुम्हाला दाखवायचं आहे. आपल्या पातळीवर मुख्यमंत्री नसतात. पण संस्थाचालकांचा फोन येतो, सरपंचाचा येतो, मेव्हण्याचाही येतो. ‘पोरगा आपलाच आहे, जरा बघा’ असं म्हणतात. तो फोन आला की शिक्षकानं ठामपणे नाही म्हणायला हवं, आणि त्याच्या पाठीशी उभं राहणं हे मुख्याध्यापकाचं काम आहे. फोनवर मागितलेला गुण वाढवायचा नाही आणि समोर येऊन मागितलेलं कारण नाकारायचं नाही. हे दोन्ही पाळता आलं तरच गुण देण्याचा अधिकार शिक्षकाकडं राहतो.

अंतर्गत गुणांचं मला वेगळं सांगायचं आहे, कारण तिथं आपला अधिकार सर्वांत मोठा आणि सर्वांत झाकलेला असतो. दहावीला २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडून मिळणारे २० गुण बंद झाले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. त्या काळात अभ्यासक्रमही नवा होता, भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द झाला होता, हे मी विसरत नाही. तरीही प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट त्या आकड्यांनी बाहेर आणली. ते २० गुण पुष्कळ ठिकाणी आपण तोंडी परीक्षा न घेताच भरतो. सगळ्यांना अठरा, सगळ्यांना एकोणीस. ही आपल्याला दया वाटते. पण ज्या मुलीनं वर्षभर वही नीट ठेवली, तिला आपण काहीच सांगितलेलं नसतं.

मग २०२१ आलं. दहावीची परीक्षा रद्द झाली आणि सगळा निकाल शाळांच्या हातात आला. नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीच्या वर्षातल्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाला ३० आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकांना २०. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक शाळेत सात जणांची निकाल समिती बसली. निकाल ९९.९५ टक्के लागला. मूल्यमापन शाळेतच झालेलं असल्यामुळं त्या वर्षी गुणपडताळणी, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन यांतलं काहीच नव्हतं. शिक्षकाला इतका पूर्ण अधिकार आणि विद्यार्थ्याला इतकी कमी दाद, असं वर्ष मी दुसरं पाहिलेलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये उलटं झालं होतं. तिथं शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी संगणकाच्या सूत्रानं बदलल्या. जवळपास ४० टक्के श्रेणी खाली आल्या, मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्ट २०२० रोजी सरकारला ते सूत्र मागं घ्यावं लागलं. सूत्राला कारण विचारता येत नाही. शिक्षकाला येतं. म्हणून माझा विश्वास अजूनही शिक्षकावर आहे.

अंतर्गत गुणांची आणखी एक गोष्ट आज बोललीच पाहिजे. मंडळाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, परीक्षकाला नाव दिसत नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी मात्र आडनाव दिसतं, गल्ली दिसते, कोणाच्या क्लासला जातो तेही ठाऊक असतं. ‘सरांना दुखावलं तर प्रॅक्टिकलचे मार्क जातील’ ही भीती मी गावोगावच्या मुलांकडून ऐकली आहे. ती सगळीकडे खरी असते असं नाही. पण ती एका मुलाच्या मनात असली तरी त्याचा प्रश्न ओठावरच राहतो, आणि वर्ग मुका होतो.

कारण कळलं की काय होतं, त्याचं एक उदाहरण सांगतो. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लंडनचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांच्या हरकतीमुळं एकदा परत आला होता. त्यांनी फेरमांडणी करून तो पुन्हा सादर केला आणि १९२३ मध्ये पदवी मिळवली. परीक्षकानं हरकत सांगितली म्हणून त्यांना काम तरी करता आलं. नुसता ‘अपात्र’ असा शेरा घेऊन माणूस काय करणार? आपल्या मुलाच्या हाती ‘एकोणतीस’ एवढाच आकडा येतो, तेव्हा त्याची अवस्था तशीच होते.

महाविद्यालयांसाठी आता व्यवस्था आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्या वर लोकपाल नेमायला सांगितलं आहे, आणि मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धत हीही तिथं तक्रारीचा विषय ठरते. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं निकालाला परीक्षेनंतर ४५ दिवसांची मर्यादा घातली. ती मर्यादा २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात संगणकावर पेपर तपासण्याच्या घाईत मोडली. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. समिती, लोकपाल, कायदा हे सगळं लागतं. पण हे सगळं शेवटची पायरी म्हणून लागतं. पहिल्या पायरीवर शिक्षक उभा नसला तर वरच्या पायऱ्यांवर गर्दी होते, आणि ती गर्दी संशयानं भरलेली असते.

म्हणून परंडा तालुक्यातल्या शाळांपुढं मी काही साध्या गोष्टी मांडतो. याला शासननिर्णय लागत नाही, पैसा लागत नाही.

परीक्षेच्या आधी निबंधाला कशाचे किती गुण, हे फळ्यावर लिहा. आशयाला किती, मांडणीला किती, शुद्धलेखनाला किती. मुलांना आधी कळलं की निकष मुठीत राहत नाही.

गुणपत्रक भरण्याआधी एक तास ठेवा आणि त्या तासाला उत्तरपत्रिका मुलांच्या हातात द्या. त्यांना बेरीज करू द्या, पुरवणी मोजू द्या. बहुतेक तक्रारी त्या तासातच संपतात, हा माझा पुढच्या सगळ्या वर्षांचा अनुभव आहे. साठांपैकी तीन-चार मुलं उठून येतात. त्यातल्या एखाद्याचं बरोबर असतं. उरलेल्यांना आपली चूक कळते, आणि तीच त्या परीक्षेची खरी शिकवण असते.

तरीही ज्याचं समाधान होत नाही, त्याच्याकडून साध्या कागदावर अर्ज घ्या आणि तो पेपर त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाला, आधीचे गुण झाकून, तपासायला द्या. शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला दिला तर आणखी चांगलं. दोघांच्या गुणांत फार अंतर असेल तर दोघांनी एकत्र बसावं. निर्णय काहीही होवो, त्याखाली तीन ओळी कारण लिहा. गुण न वाढण्याचंही कारण लिहा. ‘तपासले, योग्य आहे’ ही तीन शब्दांची पळवाट बंद करा.

आणि ज्या मुलानं विचारलं, त्याला पुढं वर्गात टोमणा मारू नका. ‘हा आमचे मार्क तपासणारा’ असं एकदा म्हटलं की त्या वर्षी कोणी विचारत नाही.

यानं आपला मान कमी होईल, अशी भीती मला तरुणपणी वाटत होती. तिचं उत्तर मला मुलांनीच दिलं. ज्या वर्षी मी पहिल्यांदा पेपर वाटून दिले, त्या वर्षी एका मुलानं येऊन सांगितलं, “सर, मला दोन मार्क जास्त पडलेत.” बेरीज त्याच्या बाजूनं चुकली होती. मी दोन गुण कमी केले आणि सगळ्या वर्गासमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला. लपवून ठेवलेल्या गठ्ठ्यातून असा मुलगा कधीच पुढं येऊ शकला नसता.

डोमगावच्या त्या वहीकडं पुन्हा येतो. तिच्यात खाडाखोड आहे म्हणून ती कोणी कमी मानली नाही. खाडाखोड समर्थांच्या हातची आहे असं मानतात, म्हणून तर ती जपली. आपल्या दुरुस्त्याही कोणी जपाव्यात अशा असल्या पाहिजेत, अगदी सातवीतल्या मुलाच्या आईनं ट्रंकेत ठेवाव्यात अशा.

आणि शेवटची विनंती. ज्या आईला मी दारात उभं ठेवलं, तिची माफी मी नंतर मागितली. ती एवढंच म्हणाली, “पोरगी पास झाली, बास.” मला ते बास झालं नाही. यंदाच्या पहिल्या घटक चाचणीचा निकाल लागेल, तेव्हा आपापल्या शिक्षक खोलीत दाराजवळ एक रिकामी खुर्ची ठेवा. गुणांबद्दल विचारायला येणाऱ्या पालकासाठी ती असू द्या. तो आला की आधी त्याला बसवा, मग गठ्ठा सोडा आणि पेपर त्याच्यासमोर उघडा.